अब्बांच्या पद्मिनीचं वंगण

गेल्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी दारातल्या प्रीमियर पद्मिनीच्या गिअरबॉक्सचं आणि डिफ्रन्शलचं तेल घरीच बदलायला काढलं. बदललं असं लिहिलं असतं, पण मध्ये जे झालं ते पुढे सांगायचंच आहे, म्हणून आत्ताच थाप मारत नाही. नेहमीचे वाचक म्हणतील, सर, आज हे काय? तुम्ही दखनी उर्दूवर लिहिता, मोडी कागदांवर लिहिता, आज थेट गाडीखाली शिरलात. शिरलो खरा. आणि तिथे उताणा पडल्या पडल्या जे डोक्यात आलं ते इतिहासाचंच होतं.

आमचं गाव लोणी देवकर, तालुका इंदापूर. पुणे-सोलापूर रस्ता गावाला लागून जातो. याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणत, आता ६५ म्हणतात. अब्बांसाठी तो कायम ‘रोड’ होता. रोडच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती, आत एक खड्डा, खड्ड्यावर दोन फळ्या. त्या खड्ड्यात उभं राहून त्यांनी पस्तीसेक वर्षं ट्रक, जीप, उसाचे ट्रॅक्टर आणि फियाटी पोटाखालून पाहिल्या. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे. मी बी.एड.च्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘व्यापार’ लिहिलं होतं. हे मी याआधी कुठेच लिहिलेलं नाही.

अब्बा गेले त्याला तीन वर्षं झाली. रस्ता चौपदरी झाला तेव्हाच शेड गेली होती. राहिली ती ही गाडी. एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी ती जुनी घेतली आणि स्वतःच्या हाताने उभी केली. मी महिन्यातून दोनदा ती चालू करायचो, भिगवणपर्यंत नेऊन आणायचो. हिवाळ्यापासून मागून आवाज यायला लागला, जात्यावर कुणी कोरडंच दळत बसल्यासारखा. अब्बा असते तर कान देऊन म्हणाले असते, “तेल मांगरी.”

कुर्ल्याची गाडी, कळंबचा मालक

पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची. पण आमच्या तालुक्याशी तिचं नातं आहे, आणि ते आमच्याच तालुक्यातल्या पोरांना माहीत नसतं. मी नववीच्या वर्गात विचारून पाहिलं, एकही हात वर आला नाही.

वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे, जन्म १८८२. रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटं घेण्यापासून त्यांची सुरुवात झाली. १९३० च्या दशकात त्यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ, नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर, उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर. पुढे बंगळुरूचा विमान कारखाना १९४० चा, विशाखापट्टणमची जहाजाची गोदी १९४१ ची. आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या निघू लागल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट म्हणजे आपल्या पद्मिनीची आई. १९७० च्या दशकात फियाटचं नाव उतरलं, आधी प्रेसिडेंट आणि मग १९७४ पासून पद्मिनी हे नाव आलं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे एकच सलग बाकडं. त्या बाकड्यावर आम्ही पाच जण बसून हडपसरला लग्नाला गेलो होतो.

वालचंदनगरात गाडी कधी बनली नाही, पण गिअर मात्र बनतात. साखर कारखान्यांची यंत्रं, मोठाले गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागसुद्धा तिथे होतात. म्हणजे ज्या दातेरी चाकांची गोष्ट मी सांगणार आहे, ती आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर कातली जातात, आणि आम्ही ती चीनहून किंवा जर्मनीहून येतात असं समजून बसलेलो असतो.

ओघात आणखी एक. १९४५ मध्ये मोटारीच्या धंद्यातलं दुसरं मोठं नाव सुरू झालं. ते तेव्हा ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं, म्हणजे जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या पाटीवर ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ आलं. आमच्याकडे हा किस्सा हळहळीच्या सुरात सांगतात, जणू पाटीवरून ‘मोहम्मद’ गेले आणि सगळंच गेलं. मला तसं वाटत नाही. गेले ते मालक. महिंद्राच्या जीपखाली पडून तिचं तेल बदलणारे इथेच राहिले. त्यांची नावं पाटीवर कधी नव्हतीच, त्यामुळे ती कुणी पुसलीही नाहीत.

बैलगाडीला डिफ्रन्शल का लागत नाही

अब्बा शागिर्दांना शिकवायचे ते इथून सुरू व्हायचं, आणि मास्तर म्हणून मला ती पद्धत अजून आवडते. बैलगाडीचा आख जागचा हलत नाही. दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कुणाचं कुणावाचून अडत नाही. चाकाच्या नाभीत एरंडेलात भिजवलेली चिंधी किंवा वंगण भरलं की झालं. गाडीखाली वंगणाचा नळा लोंबकळायचा तो त्याचसाठी.

मोटारीत मात्र चाकाला इंजिनने फिरवायचं असतं. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर पक्की ठोकली तर सरळ रस्त्यावर चालेल, वळणावर घोटाळा. शाळेतली कवायत आठवा. ओळ उजवीकडे वळते तेव्हा उजव्या टोकाचा पोरगा जागच्या जागी पाय आपटतो आणि डाव्या टोकाचा लांब ढांगा टाकतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली तर ओळ मोडेल. गाडीच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर धरलं, तर एक पूर्ण चक्कर मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास पावणेआठ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की चक्कर लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. दहावीच्या मुलांनी वर्तुळाच्या परिघाचं सूत्र घालून पाहावं.

हा फरक पोटात घेणारी पेटी म्हणजे डिफ्रन्शल. इंजिनकडून आलेला लांब दांडा एका लहान दातेरी चाकाला फिरवतो, तो पिनियन. पिनियन एका मोठ्या चाकाला फिरवतो, तो क्राऊन. क्राऊनच्या पोटात आणखी चार लहान चाकं असतात आणि ती दोन्ही बाजूंना हिशेबाने वाटून देतात. या वाटणीत एक खोट आहे. एक चाक चिखलात गेलं की डिफ्रन्शल सगळी फेर त्यालाच देत बसतं आणि कोरड्यावरचं चाक गप्प उभं राहतं. उसाच्या फडातून ट्रॅक्टर काढताना हे आमच्याकडे रोज दिसतं. म्हणून ट्रॅक्टरला पायाजवळ डिफ्रन्शल लॉकचा खटका असतो. तो दाबला की वाटणी बंद, दोन्ही चाकं एक. अब्बा म्हणायचे, “घर में भी ऐसाच रैता. जो फिसलता उसकेच पीछे सब भागते.” बोलताना त्यांचा डोळा माझ्या धाकट्या चाचांकडे असायचा.

ही पेटी मोटारीच्याही आधीची आहे. पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेक्वर नावाच्या घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये ती तीनचाकी सायकलला बसवली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंटातल्या तीनचाकी मोटारीतही ती होती. घड्याळ, सायकल, मोटार, असा त्या चाकांचा प्रवास.

जझरीच्या नावाने

इथे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एका मजकुराबद्दल बोललंच पाहिजे. त्यात असतं, की गिअरचा शोध मुसलमानांनी लावला, युरोपने चोरला. दर शुक्रवारी कुणीतरी पाठवतं. खाली पन्नास ‘माशाअल्लाह’.

असं नाही. ग्रीसजवळ अँटिकिथेरा बेटापाशी बुडालेल्या जहाजात १९०१ साली सापडलेलं दातेरी चाकांचं यंत्र इस्लामच्या कित्येक शतकं आधीचं आहे. त्यातही डिफ्रन्शल होतं असं डेरेक प्राइस या अभ्यासकाने मांडलं होतं. पुढच्या अभ्यासाने ते मागे घ्यावं लागलं. ग्रीकांच्या बाजूचा दावाही तपासून खोडला जातो, तर आपला का तपासू नये?

तपासल्यावर जे उरतं तेही थोडं नाही. अल्-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी सूर्य-चंद्राच्या गती दाखवणाऱ्या दातेरी पेटीचं वर्णन लिहून ठेवलं. इस्फहानच्या मुहम्मद बिन अबी बक्र याने हिजरी ६१८ मध्ये, म्हणजे १२२१-२२ साली बनवलेलं दातेरी अस्तुर्लाब ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आजही आहे. सगळे भाग शाबूत असलेल्या दातेरी यंत्रांत ते जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी गणलं जातं. आणि दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला अल्-जझरी. १२०६ मध्ये त्याने आपल्या यंत्रांचं पुस्तक पुरं केलं. मला त्यात आवडतं ते वेगळंच. जझरी हा हाताने काम करणारा माणूस होता. त्याच्या राजाने, नासिरुद्दीन महमूदने, त्याला सांगितलं की तू केलंस ते लिहून ठेव. म्हणून त्याने मापं लिहिली, पत्रा किती जाड, भोक कुठे, जोड कसा, सगळं. आठशे वर्षांनंतरही ती यंत्रं लोक त्या पुस्तकावरून उभी करून पाहतात.

अब्बांना कुणी असं सांगितलं नाही. सांगणारा घरातच होता, त्याच्याकडे दोन भाषा होत्या आणि वह्यांचे गठ्ठे होते.

तेल कुठून आलं

सुरुवातीच्या मोटारींच्या गिअरात जनावरांची चरबी, एरंडेल, वाफेच्या इंजिनाचं दाट तेल असं जे हाताशी असेल ते घालत. दात सरळ होते, वेग कमी होता, चालून जायचं. १९२६ च्या सुमारास अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने डिफ्रन्शलमध्ये हायपॉइड दाते आणले. त्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे लांब दांडा खाली येतो आणि गाडी बुटकी करता येते. पण दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून निघून जातं आणि लोखंडाला लोखंड भिडतं. म्हणून तेलात गंधक, फॉस्फरस यांची संयुगं घालायला लागले. दाब आणि उष्णता वाढली की ती दात्यावर एक पातळ थर धरतात, घासला जातो तो थर, दाता वाचतो. गिअर ऑइलच्या डब्याला जो कुबट, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या गंधकाचा. अब्बांच्या कपड्यांना यायचा. अम्मी ते कपडे वेगळे धुवायच्या.

या औषधालाही पथ्य आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी कड्या असतात. गंधकाचा मारा जास्त असलेलं तेल पितळेला खाऊ शकतं. म्हणून डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार लिहिलेले असतात. जीएल-५ हायपॉइड डिफ्रन्शलसाठी, आणि पितळेच्या गिअरबॉक्सला जीएल-४. दुकानदार “एकच आहे हो, भारी वालं घ्या” म्हणतो. ऐकू नका, गाडीच्या पुस्तिकेत पाहा. दुसरं, ९० नंबरचं गिअर ऑइल म्हणजे ४० नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून दाट, असा समज असतो. गिअर ऑइलचे नंबर वेगळ्या पट्टीवरचे आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच दाट असतं.

आणि देवमासा. अमेरिकेत आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांच्या तेलात आणि काही खास डिफ्रन्शलमध्ये कित्येक वर्षं स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातलं तेल मिसळत. घर्षण सांभाळायला त्याच्यासारखं दुसरं काही मिळत नव्हतं. १९७० मध्ये तो मासा नष्ट होत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत गेला आणि त्याचं तेल बंद झालं. मग गिअरबॉक्स बिघडायला लागले, आणि रसायनांवर बसवलेली नवी तेलं करावी लागली. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन-२ हे १९७३ चं. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेलही तेव्हाच शोधात आलं. समुद्रातल्या एका जनावराचा जीव आणि शहरातल्या गाडीचा गुळगुळीत गिअर यांचा असा संबंध कुणाच्या ध्यानी-मनी तरी असेल का?

मी काय केलं

आता फजिती. वीस मिनिटं गाडी फिरवून आणली, कारण तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. सपाट जागेवर लावली. जॅकने उचलून खाली लोखंडी घोड्या दिल्या. हे मात्र अब्बांचं पक्कं लक्षात होतं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली त्यांनी कुणाला कधी जाऊ दिलं नाही. इंदापूरकडच्या एका पोराचं काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं, त्याबद्दल ते बोलायचे नाहीत.

डिफ्रन्शलच्या पेटीला दोन नट असतात, खाली तेल काढायचा ड्रेन नट आणि वर बाजूला तेल भरायचा फिलर नट. मी खाली परात ठेवली आणि खालचा नट फिरवला. काळं, जाड तेल पडलं, वासासकट. फार बरं वाटलं. इतकं सोपं काम आणि यासाठी माणूस आयुष्यभर खड्ड्यात. असा विचारही मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. मग वरचा नट फिरवायला गेलो. तो फिरेना. पाना सरकला, नटाचे कोपरे घासले, माझी बोटं सोलली. गाडीतून तेल गेलेलं आणि भरायला भोक बंद. अशी गाडी दहा फूटही चालवायची नाही, दाते कोरडे घासतील.

अब्बांचा एक शागिर्द शेजारच्या वस्तीवर राहतो. वयाने माझ्याएवढा. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभालीचं काम करतो. संध्याकाळी फोन केला. तो आला, गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच हसला. “सर, मिस्त्रींचं पहिलं वाक्य काय होतं?”

मला आठवेना.

“पैले भरने का खोल, बाद में गिराने का.” त्याने अब्बांच्याच सुरात म्हटलं. मराठी माणसाच्या तोंडून माझ्या बापाची दखनी. “पोरगा पहिल्या दिवशी आला की त्याला हे दहा वेळा म्हणायला लावायचे. तुम्ही तेव्हा अभ्यासाला बसलेले असायचा.”

त्याने नटाभोवतीची पेटी बत्तीने शेकली, नटाच्या बाजूंनी हलके ठोके दिले, जुनं तेल सोडलं, अर्धा तास थांबला. चहा घेतला. मग लांब दांड्याचा पाना लावून एक झटका. नट सुटला. मग त्याने ड्रेन नट हातात घेतला. त्याच्या टोकाला लोहचुंबक होतं आणि त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप. तो बोटांत चोळून म्हणाला, “पीठ आहे, हरकत नाही. कणी लागली असती तर पेटी उघडायला लागली असती.” लोखंडाचं पीठ म्हणजे वयाप्रमाणे झीज. कणी किंवा तुकडा म्हणजे दाता गेला. हे मी वाचलंही होतं, पण बोटांना कळायला त्याची बोटं लागली.

वॉशर नवे घातले, खालचा नट घट्ट केला, हातपंपाने वरच्या भोकातून तेल भरलं, भोकाच्या काठावर येऊन एक धार बाहेर ओघळेपर्यंत. तीच तेलाची पातळी, वेगळं मोजमाप लागत नाही. तेवढ्यासाठी मात्र गाडी आडवी-तिरपी नको, सपाट हवी. गिअरबॉक्सचंही तसंच केलं, पण यावेळी आधी वरचा नट. जुनं तेल डब्यात भरून ठेवलं. आमच्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, कुणी ओढ्यात ओततात. ओढा जातो उजनीच्या पाण्यात, त्याच पाण्यातले मासे आपण भिगवणला बसून खातो. जुनं तेल गोळा करून नेणारे, त्यावर प्रक्रिया करणारे परवानाधारक आहेत. गॅरेजवाल्याकडे जमा करता येतं. तेवढे कष्ट घ्यावेत.

पेटी कुठे गेली

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना गेली. मागचं डिफ्रन्शल गाडीच्या पोटातून नाहीसं झालं. ते पुढे गिअरबॉक्सच्या पेटीतच जाऊन बसलं, दोघांचं तेल एक. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी गाडीवर पानं भरून लिहिलं. आता विजेच्या गाड्या आल्या. लोकांना वाटतं त्यांत तेलच नाही. गिअरची एक साधी जोडी आणि डिफ्रन्शल त्यांतही असतं आणि त्याला तेलही लागतं. वळण आहे तोवर ती पेटी आहे.

मिस्त्रींचं काय झालं? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक निरीक्षण आहे. मुसलमान कामगारांचं प्रमाण ज्या मोजक्या धंद्यांत जास्त आहे त्यांत वाहनदुरुस्ती आणि रस्त्यावरची वाहतूक हे आहेत. आमच्याकडे हा अहवाल नेहमी सरकारी नोकऱ्यांच्या टक्क्यांसाठी उघडला जातो. या ओळीपाशी कुणी थांबत नाही. इतकी माणसं इतकी वर्षं एक विद्या हातात धरून होती आणि तिचं एक पान आपल्या वाङ्मयात नाही. आपल्याकडे कविता आहेत, आत्मकथनं आहेत, ‘आम्ही कोण’ यावरचे वाद तर ढीगभर. डिफ्रन्शल कसं खोलायचं हे त्यांत सापडत नाही. जुन्या मिस्त्रीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळत नाही, कारण आयटीआयचा कागद नाही. अब्बांनाही एकदा एका वर्कशॉपमध्ये बोलावून परत पाठवलं होतं, मी बरोबर होतो. त्यांनी रस्ताभर काही बोलणं काढलं नाही.

या धंद्याची बोली मात्र बघण्यासारखी आहे. उस्ताद, शागिर्द, पेच, दुरुस्ती, कारागीर, कारखाना हे फार्सीतून. मिस्त्री हा मात्र उर्दूही नाही आणि संस्कृतही नाही, तो पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, चावीसारखाच. आख संस्कृत ‘अक्ष’पासून, आणि इंग्रजी ॲक्सल त्याचीच लांबची बहीण. फार्सी ‘चर्ख’ आणि संस्कृत ‘चक्र’ एका घरातले, म्हणून चरखा आणि चाक एकमेकांना ओळखतात. वंगण आपलं मराठी. खड्ड्यात उभा असलेला माणूस एका वाक्यात हे सगळं वापरायचा: “उस्ताद, आखाचा पेच दुरुस्त केला, वंगण द्या.” भाषाशुद्धीवाले दोन्हीकडचे त्या खड्ड्यात कधी उतरले नाहीत.

सुट्टीतल्या त्या संध्याकाळनंतर मी दोनशे पानी वही घेतली. शागिर्द रविवारी येतो. तो बोलतो, मी लिहितो, एका बाजूला त्याचे शब्द जसेच्या तसे आणि समोरच्या पानावर माझं मराठी. चित्रं तो काढतो, माझी चित्रकला तुम्हाला माहीतच आहे. आत्तापर्यंत सेहेचाळीस पानं झाली आहेत. क्लचपाशी आम्ही अडलो आहोत, कारण अब्बा एका भागाला ‘कुत्रा’ म्हणायचे आणि तो नक्की कोणता यावर आमचं एकमत होत नाही. पुण्यात नाना पेठेत अब्बांच्या वेळचे एक जुने मिस्त्री अजून आहेत असं कळलंय. पुढच्या शनिवारी पद्मिनी घेऊनच जातोय. मागचा आवाज गेलाय.